शरीरातल्या संस्था शिकायच्या तं यादी ठेवा बाजूला, भाकरीच्या मागं जा

पावसाळा लागला की आमच्या उपकेंद्रावर नवीन चेहरे दिसतात, कोणाचा एएनएमला (नर्सच्या कोर्सला) नंबर लागलेला, कोणी नुकतीच आशा झालेली, एखादं पोट्टं पॅरामेडिकलवालं, अन् सगळ्यांचं रडगाणं एकच की शरीररचना डोक्यात शिरत नाही. वही पाहिली तं अकरा संस्थांची यादी सुंदर अक्षरात, खाली अवयव, लाल पेनानं रेघा मारलेल्या. अन् विचारलं की "बाई, पेशंटचे डोळे पिवळे दिसून रायले, आता कुठं कुठं पाहशील?" तं गप्प. यादी पाठ आहे, पण यादीतून पेशंटपर्यंत रस्ता नाही.

म्हणून मी उलट्या बाजूनं शिकवतो. शरीरात काय काय फिरतं, हवा, भाकर, पाणी, रक्त, निरोप, त्याच्या मागं मागं जायचं. अवयव रस्त्यात आपोआप भेटतात, अन् एका संस्थेतून दुसरीत कधी घुसलो ते कळतही नाही, जे खरं तर पेशंटच्या बाबतीतही तसंच असतं.

आधी एवढंच डोक्यात ठेवा

पेशी मिळून ऊती, ऊती मिळून अवयव, अन् एकाच कामाला लागलेले अवयव म्हणजे संस्था. झालं. संस्था किती तं बहुतेक पुस्तकं अकरा म्हणतात: त्वचा, अस्थी, स्नायू, मज्जा (मेंदू अन् नसा), अंतःस्रावी (हार्मोनवाली), रक्ताभिसरण, लसिका, श्वसन, पचन, मूत्र, प्रजनन. कुठं दहा लिहिलेल्या दिसतील, कुठं बारा, त्यावरून भांडू नका, परीक्षेत तुमच्या कोर्सच्या पुस्तकात जेवढ्या आहेत तेवढ्या लिहा अन् पुढं चला.

दुसरी गोष्ट, चित्रातला उजवा म्हणजे पेशंटचा उजवा, तुमचा नाही. यावर हमखास गोंधळ होतो. याला माझ्याकडं सोपा इलाज आहे: घरातली जुनी पांढरी बनियान घ्या, ती अंगात घालून आरशासमोर उभं राहा अन् दुसऱ्याकडून स्केच पेननं त्यावर अवयव काढून घ्या. यकृत उजवीकडं बरगड्यांच्या खाली, जठर अन् प्लीहा (आपल्याकडची तिल्ली) डावीकडं, हृदय मध्यात पण टोक डावीकडं कललेलं, अपेंडिक्स खाली उजवीकडं, मूत्रपिंडं पाठीच्या बाजूनं. एकदा स्वतःच्या अंगावर काढून घेतलं की उजवं-डावं परत चुकत नाही.

घड्याळ घेऊन बसा: नाडी अन् श्वास

पुस्तकाच्या आधी मनगट. अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवा (आपला अंगठा वापरायचा नाही, त्याची स्वतःची नाडी लागते) अन् पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसाची शांत बसल्यावर 60 ते 100. आता पायऱ्या चढून या अन् परत मोजा. श्वासही वाढला, नाडीही वाढली, अंगावर घाम आला. मांडीच्या स्नायूंनी ऑक्सिजन मागितला, फुफ्फुसांनी जास्त ओढला, हृदयानं जोरात पोचवला, त्वचेनं आतली गरमी बाहेर काढली, अन् हे सगळं मेंदूनं तुम्हाला न विचारता करून घेतलं. पाच संस्था झाल्या बघा, पुस्तक अजून बंदच आहे.

लहान लेकराचा श्वास मोजणं मात्र नीट शिकून घ्या, कारण तिथं जीव वाचतो. लेकरू आईच्या मांडीवर, शांत, रडत नको, अंगावर दूध पीत नको. झबलं वर करा अन् पोटाकडं पाहा, पोट वर आलं अन् खाली गेलं की एक. पूर्ण मिनिट मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, लेकराचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तं मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त, हा जलद श्वास समजायचा अन् खोकला-ताप सोबत असेल तं न्यूमोनियाचा संशय घेऊन लगेच पाठवायचं. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तं मोजणीसाठीही थांबू नका. गडचिरोलीत डॉ. अभय अन् राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं तं ज्यांना आकडे मोजता येत नव्हते अशा सुईणींसाठी मणी सरकवून श्वास मोजायचं साधं यंत्र बनवलं होतं. श्वसनसंस्था शिकायला मायक्रोस्कोप लागतोच असं नाही.

बाजाराच्या दिवशी खाटकाकडं जा

हे ऐकून काही पोरी नाक मुरडतात. ज्यांच्या घरी माळ आहे, ज्यांना चालत नाही, त्यांनी शाळेच्या लॅबमधलं मॉडेल पाहावं, जबरदस्ती नाही. पण ज्यांच्याकडं पोळ्याच्या करीला मटण शिजतं त्यांनी हा मोका सोडू नये, कारण बकऱ्याचे छाती-पोटातले बरेच अवयव आपल्यासारखेच असतात अन् चित्रात जे सपाट दिसतं ते हातात घेतल्यावरच समजतं.

सकाळी गर्दीच्या आधी जा अन् भाऊला सांगा की सगळं एकत्र लटकवलेलं दाखव. श्वासनळी, तिला दोन फोफसं, मध्ये दिल, खाली कलेजी, अन् फोफसं अन् कलेजीच्या मधात एक मांसाचा पातळ पडदा. तो पडदा म्हणजे श्वासपटल, आपण श्वास घेतो तो मुख्यतः त्याच्या जोरावर, अन् उचकी लागते तीही त्याच्यामुळंच. श्वासनळीवरून बोट फिरवा, समोरून कडक कड्या लागतील अन् मागून मऊ, कड्या मागं पूर्ण जुळत नाहीत. त्या मऊ बाजूला चिकटून अन्ननलिका जाते, घास उतरताना तिला थोडी जागा मिळते. फोफशाचा तुकडा पाण्याच्या बादलीत टाका, तरंगते, कलेजी टाका, बुडते. आत हवेचे बारीक बारीक फुगे आहेत हे यापेक्षा सोपं करून कोणी सांगू शकत नाही.

मग दिल उभं कापून मागा. चार कप्पे. डाव्या खालच्या कप्प्याची भिंत बोटांत धरून पाहा, उजव्यापेक्षा चांगलीच जाड. काहून? उजव्याला रक्त फक्त शेजारच्या फुफ्फुसात ढकलायचं असते, डाव्याला डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत. कप्प्यांच्या मधात पांढऱ्या पातळ झडपा दिसतील, दोऱ्यांनी बांधलेल्या. विहिरीच्या मोटारीला खाली फूट व्हॉल्व्ह असतो ना, पाणी वर जाऊ देतो पण परत खाली येऊ देत नाही, झडपांचं काम तेच, अन् फूट व्हॉल्व्ह खराब झाला की मोटार कशी नुसतीच चालत राहते पण पाणी पोचत नाही, तसं झडप खराब असलेल्या माणसाला दम लागतो. मोठ्या माणसाचं हृदय शांत बसल्यावरही मिनिटाला पाचेक लिटर रक्त ढकलतं, म्हणजे अंगात जेवढं आहे जवळपास तेवढं सगळं.

गुर्दा, म्हणजे मूत्रपिंड, आडवा नाही, लांबीत कापा, आतला अन् बाहेरचा भाग वेगवेगळ्या रंगाचा दिसेल. तिल्लीही पाहून घ्या, पुढं कामी येते. फक्त वजडी पाहून माणसाचं जठर समजू नका. बकरी रवंथ करते, तिचं जठर चार भागांचं, आपलं एकच.

आता भाकर

ज्वारीच्या भाकरीचा तुकडा तोंडात धरा अन् न गिळता चावत राहा, थोड्या वेळानं गोडसर लागतो. लाळेतल्या रसानं पिठुळ पदार्थाची साखर करायला सुरुवात केली. पचन तोंडातच चालू झालं. पुढं वीतभराहून थोडी जास्त लांबीची अन्ननलिका, मग जठर, तिथं आम्लात दोन-चार तास घुसळण, मग लहान आतडं, सहा मीटरच्या आसपास लांब, अन् खरं काम इथं. यकृताचं पित्त तेलकट फोडते, स्वादुपिंडाचा रस बाकी सगळं फोडतो, अन् आतड्याच्या आतल्या मखमली भिंतीतून ते रक्तात शिरतं.

इथं नवीन पोरी थांबतात, पचन संपलं म्हणून. थांबू नका. आतड्यातलं रक्त सरळ हृदयाकडं जात नाही, आधी यकृतात जातं. यकृत पाहतं काय आलं, साखर साठवायची का, विषारी काही आहे का, अन् मग पुढं सोडतं. रोज मोहाची पिणाऱ्याचं यकृत काहून जातं ते यातून समजून घ्या. अन् साखर रक्तात आली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, म्हणजे जो अवयव आत्ता पचनसंस्थेत होता तोच आता अंतःस्रावी संस्थेत. एकाच अवयवाला दोन नोकऱ्या. यादी पाठ करणाऱ्याला हे कधीच लक्षात राहत नाही.

उरलेलं मोठ्या आतड्यात, तिथं पाणी शोषलं जातं. हगवण लागली की आतड्याची पाणी धरून ठेवायची ताकद कमी होते, पण साखर अन् मीठ सोबत असलं की लहान आतडं दोघांनाही एकत्र आत घेतं अन् मागून पाणी येतं. ओआरएस याच गोष्टीवर चालतं. म्हणून एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच, अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात अंदाजानं टाकायचं नाही, घट्ट झालं तं उलट त्रास होतो. अन् लेकराला झिंक 14 दिवस, हगवण थांबली तरी.

पाणी अन् आपला मे महिना

दोन मूत्रपिंडं मिळून दिवसभरात 180 लिटरच्या आसपास द्रव गाळतात अन् त्यातून लघवी म्हणून बाहेर येते दीड-दोन लिटर, बाकी सगळं परत रक्तात. हा आकडा ऐकून कोणाचाच विश्वास बसत नाही, पण रक्त तेच तेच दिवसभर फिरून फिरून येतं, म्हणून.

आता मे महिना घ्या, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं पारा 45 च्या वर, बाई तेंदूपत्ता तोडायला पहाटे गेली अन् ऊन चढलं तरी परतली नाही. त्वचा घाम काढते, त्यात पाणी अन् मीठ जातं. रक्त कमी पडायला लागलं म्हणून नाडी पळते. मूत्रपिंड पाणी राखून ठेवतं, लघवी थोडी अन् गर्द पिवळी, जळजळ. इथपर्यंत सावली, पाणी, मठ्ठा, ओआरएसनं भागतं. पण ताप 40 अंशाच्या वर अन् बाई बरळायला लागली, उलटसुलट बोलायला लागली की समजा मेंदूवर गेलं, हा उष्माघात, मग 108 ला फोन अन् गाडी येईपर्यंत अंग ओलं करून वारा घालत राहायचं. शुद्ध नसेल तं तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं. कांदा खिशात ठेवला होता का हे नंतर विचारा.

निरोप: मज्जासंस्था, अन् साप

शरीरात निरोप दोन तऱ्हेनं जातो. नसांमधून लगेच, अन् हार्मोनमधून रक्तावाटे हळू पण लांब टिकणारा. हार्मोनचं इन्सुलिनमध्ये पाहिलं, थायरॉइडचं अन् पाळीचं तुम्ही पुस्तकातून वाचा. नसांचं मात्र आपल्या भागातल्या दोन गोष्टींतून शिका, आयुष्यभर विसरणार नाही.

पहिली, साप. नाग अन् मण्यार यांचं विष नस अन् स्नायू जिथं भेटतात तिथला निरोप अडवतं. मेंदू ठीक, स्नायू ठीक, मधला निरोपच बंद. आधी पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, आवाज घोगरा, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. मण्यार तं रात्री खाली झोपलेल्याला चावते, दुखत नाही की सूज नाही, पहाटे "पोट दुखून रायलं" म्हणून उठतात अन् घरच्यांना वाटतं रात्रीचं जेवण बाधलं. धान कापणीच्या दिवसात पहाटेचं पोटदुखीचं पेशंट आलं की आधी पापण्या पाहा. घोणस वेगळी, तिचं विष रक्ताची गोठायची ताकद संपवतं अन् मूत्रपिंडावर जातं, चावलेल्या जागी भयंकर सूज, हिरड्यांतून रक्त. दवाखान्यात काचेच्या कोरड्या नळीत दोन मिली रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात अन् मग वाकडी करून पाहतात, गोठलं नसेल तं घोणस-फुरसं धरून चालतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारींवर लस एकच, म्हणून साप मारून आणायची गरज नाही. चिरा नाही, आवळपट्टी नाही, मांत्रिक नाही, पाय न हलवता गाडीत.

दुसरी, फवारणी. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांनी सापाच्या उलटं होतं, निरोप अडत नाही, बंदच होत नाही. सगळं एकदम चालू: तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, घाम, हगवण, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, स्नायू फडफडतात. औषध त्वचेतून आत जातं, म्हणून आधी कपडे काढून साबणानं अंग धुवा, तुमच्या हातात ग्लोव्ह घालून, मग पाठवा. त्वचा ही पण एक संस्था आहे हे त्या दिवशी कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

रक्त, तिल्ली अन् ते पिवळे डोळे

लाल पेशी साधारण 120 दिवस जगते. म्हातारी झाली की मुख्यतः तिल्लीत मोडते, तिचा पिवळा रंग यकृतात जातो, पित्तातून आतड्यात उतरतो अन् शौचाला रंग देतो. आता सुरुवातीचा प्रश्न सोडवा. डोळे पिवळे म्हणजे एक तं पेशी फार मोडताहेत, नाहीतर यकृत थकलं, नाहीतर पित्ताचा रस्ता बंद. तिसऱ्यात शौच पांढरट होतं, म्हणून विचारायला लाजायचं नाही.

पहिल्या कारणाचं आपल्याकडचं नाव सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, घरटी नाही पण गावागावात. ऑक्सिजन कमी पडला की पेशी विळ्याच्या आकाराची होते, बारीक नळीत अडकते, अन् 120 ऐवजी 10-20 दिवसांतच मोडते. म्हणून एकाच पोराला रक्त कमी, डोळे पिवळे, हातपाय-कंबर असह्य दुखणं, वारंवार ताप, पुढं खुब्याचं हाड खराब. घरचे म्हणतात "हे पोट्टं नेहमीचंच रडकं हाय". नाही हो, रडकं नाही. आई-बाप दोघंही वाहक असतील तं प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता पूर्ण आजाराची, म्हणून लग्नाआधी तपासणी, अन् वाहक म्हणजे आजारी नाही हे मुलीच्या घरी दहादा सांगायचं, नाहीतर लग्नं मोडतात.

लसिका संस्था पुस्तकात दोन ओळीत उरकतात, पण हत्तीपाय पाहिलेल्याला ती दोन ओळींची वाटत नाही. रक्तातून ऊतींमध्ये झिरपलेलं पाणी गोळा करून परत रक्तात आणणाऱ्या बारीक नळ्या, त्यात हत्तीरोगाचा जंत बसला की पाणी परत येत नाही अन् पाय सुजत जातो. याची पिल्लं रक्तात रात्रीच फिरतात, म्हणून आमचे लोक रात्री टॉर्च घेऊन रक्त घ्यायला येतात, अन् कुत्री मागं लागतात ती वेगळी.

राहिलेलं झटपट

हाडं मोठ्या माणसात 206, जन्मताना याहून बरीच जास्त, नंतर जुळतात. हाड म्हणजे नुसता सांगाडा नाही, आतल्या मज्जेत रक्त बनतं. स्नायू सहाशेच्या वर, नावं पाठ करत बसू नका, इंजेक्शन कुठं देतात तेवढे आधी शिका. प्रजननसंस्था मात्र स्वतःहून शिका, कारण हा धडा "घरी वाचून घ्या" म्हणून सोडतात अन् मग आशा ताईलाच गर्भाशय कुठं, मूत्राशय कुठं हे सांगता येत नाही. मूत्राशय समोर, गर्भाशय त्याच्या मागं, त्याच्या मागं गुदाशय. पोट वाढलं की गरोदर बाईला घडीघडी लघवीला काहून जावं लागतं ते यावरून कळतं.

सराव

वही आडवी धरा. डावीकडं एक तक्रार लिहा, पेशंटच्या तोंडची जशीच्या तशी, अन् तिच्यासमोर कोणकोणत्या संस्था ओढल्या जातात ते बाणांनी दाखवा. एक मी करून देतो: "मॅडम, बुढ्याच्या पायाची जखम भरूनच नाही रायली, अन् रात्री पाच वेळा उठते". स्वादुपिंड, इन्सुलिन कमी, रक्तात साखर, जास्तीची साखर मूत्रपिंडातून बाहेर अन् सोबत पाणी, म्हणून लघवी, बारीक रक्तवाहिन्या खराब, पायाच्या नसा बधिर म्हणून काटा लागलेला कळला नाही, त्वचा भरत नाही. सात बाण.

आता तुम्ही हे करा: बरेच महिने जवळपास फक्त लाखोळीच्या डाळीवर राहिलेल्या माणसाचे पाय ताठरले, चालताना गुडघे एकमेकांना लागतात. विष पचनसंस्थेतून आलं, पोट बिलकुल दुखत नाही, मग बाण कुठं जाईल? अन् दुसरं, नववीतली पोरगी, चेहरा पांढरा, पायऱ्या चढली की धाप, पाळी आठ-आठ दिवस. हिच्यात कमीत कमी चार संस्था निघायला पाहिजेत, तीनवर थांबलात तं परत बकऱ्याच्या दिलापासून सुरू करा.